पाटी आहे, संघ कोठें आहे?

डिसेंबर लागून विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन नागपुरास भरलें कीं यशवंत स्टेडियमपासून झिरो माईलपर्यंत मोर्च्यांची रीघ लागते. त्या रिघेंत आमचे ऑटोवाले आणि टॅक्सीवाले बांधवहि असतात. खाकी सदरे अंगांत, घसे बसलेले, त्या दिवसाची कमाई बुडालेली. पोलिसांचे कठडे आले कीं मोर्चा थांबतो, चारपांच पुढारी आंत जातात, मंत्र्यांच्या हातीं निवेदन ठेवतात, फोटो निघतो, आणि संध्याकाळीं सर्व मंडळी आपापल्या स्टँडावर परत. पुढल्या डिसेंबरांत तेंच निवेदन, बहुधा तोच कागद, फक्त साल बदललेलें.

या बांधवांचा उपहास करावा अशी आमची इच्छा नाहीं. उपाशी पोटीं उन्हांत उभें राहणारा माणूस उपहासाचा विषय नव्हे. पण एक प्रश्न आम्ही त्यांस नेहमीं विचारतों, बर्डीवर विचारतों, रेल्वे स्टेशनाबाहेर विचारतों, गणेशपेठेच्या एस्टी स्टँडासमोर आणि मेडिकलच्या फाटकापाशीं विचारतों: तुमच्या संघाचे सभासद किती? उत्तर सगळीकडे एकच. "सगळेच आपले आहेत ना भाऊ!" बरें, वर्गणी कोण देतो? "वर्गणी कायची?" सभासदांची वही कोठें आहे? "ते अध्यक्षाले माहीत." अध्यक्ष स्वतः गाडी चालवितात काय? यावर मात्र सर्व हंसतात.

हंसण्यासारखें यांत कांहीं नाहीं. यादींत नांव असणें ही काय चीज आहे हें नागपूरच्या रस्त्यांनीं फार महाग किंमत देऊन पाहिलें आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं गोवारी बांधव याच ठिकाणीं जमले होते. आपली जमात आदिवासींच्या यादींत धरावी एवढेंच त्यांचें मागणें होतें. चेंगराचेंगरींत ११४ जीव गेले, त्यांत बायाबापड्या आणि लेंकरें फार. ज्या उड्डाणपुलावरून आमचे टॅक्सीवाले रोज सवारी नेतात त्या पुलास त्या हुतात्म्यांचें नांव आहे. सरकारदरबारीं यादींत नांव यावें म्हणून माणसें मरतात, आणि स्वतःच्या संघाच्या यादींत स्वतःचें नांव घालावयास मात्र आमचा चालक कंटाळा करतो!

पाटी म्हणजे काय हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगितलें पाहिजे. स्टँडावर एक पत्र्याची पाटी उभी असते. तिच्यावर एका मोठ्या पुढाऱ्याचें हंसरें चित्र, त्याखालीं लहान पुढाऱ्यांचीं चित्रें, एका पक्षाचा रंग, आणि "अमुक चालक-मालक संघटना" असें नांव. शेजारींच दुसऱ्या पक्षाची दुसरी पाटी. स्टँड मोठा असेल तर तिसरीहि. नव्या पोरास तेथें गाडी लावावयाची असली तर कोठें कोठें पाटीवाल्याचा हात ओला करावा लागतो. त्याची पावती मिळत नाहीं. निवडणूक आली कीं ऑटोच्या पाठीवर पोस्टर चिकटतें. पोलिसानें चलान केलें कीं पाटीवाल्यास फोन जातो, आणि त्यानें शब्द टाकला तर दंड वाचतो. एवढा पाटीचा उपयोग आहे. तो आम्ही नाकारीत नाहीं. पण जुन्या काळीं पाटलाच्या वाड्यावर जाऊन "मायबाप, एवढ्या वेळीं सोडवा" म्हणणें आणि हें, यांत आम्हांस फरक दिसत नाहीं. शब्द टाकणारा ज्या दिवशीं शब्द टाकीत नाहीं त्या दिवशीं तुम्ही काय करतां? कांहीं नाहीं. कारण तो तुम्ही निवडलेला नाहीं, तुमच्या पैशावर तो उभा नाहीं, आणि त्यास काढावयाचा अधिकार तुम्हांस नाहीं. तो धनी आणि तुम्ही आश्रित.

संघ ही निराळी वस्तु आहे. संघाला वही असते. वहींत नांव लिहिलेलें असतें, नांवापुढें महिन्याची वर्गणी लिहिलेली असते, वर्गणीची पावती सभासदाच्या खिशांत असते. वर्षांतून एकदां तरी सर्वांसमोर हिशेब वाचला जातो आणि चिटणीस बरा नसला तर हात वर करून तो बदलतां येतो. यांतलें जें नाहीं तें पाटींतहि नाहीं आणि मोर्च्यांतहि नाहीं.

आमची चळवळ या बाबतींत स्वतः निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नारायणराव लोखंड्यांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांचा हा सहकारी, 'दीनबंधु' पत्र चालविणारा, जातीनें फुलमाळी. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला, आणि मिल हँड्स असोसिएशन काढली. १८९० च्या एप्रिलांत दहा हजार कामगार मुंबईस एका मैदानावर जमले, दोन कामकरी बायांनींहि त्या सभेंत भाषणें केलीं, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीवाल्यांनीं रविवारची सुटी कबूल केली. आज कचेरींत बसणारे जे लोक रविवारीं दुपारपर्यंत झोंपतात त्यांनीं लोखंड्यांचे आभार मानावेत. (आमचा टॅक्सीवाला रविवारींच जास्त राबतो, ही गोष्ट निराळी.) पण पुढें दोनच वर्षांनीं, १८९२ सालीं, कारखान्यांच्या सरकारी अहवालांत असें लिहिलें गेलें कीं या असोसिएशनला सभासदांची यादी नाहीं, निधि नाहीं, नियम नाहींत, लोखंडे हे येईल त्या कामगारास सल्ला देतात इतकेंच. साहेबाचें तें लिहिणें आम्हांस आजहि झोंबतें. झोंबतें, कारण तें खोटें नव्हतें. १८९७ सालीं प्लेगाच्या सांथींत लोखंडे वारले आणि संघ त्यांच्याबरोबर विझला. मोठा माणूस होता तोंपर्यंत सर्व होतें. वही नव्हती म्हणून मागें कांहीं उरलें नाहीं. आज सव्वाशें वर्षें उलटून गेलीं, तरी नागपूरच्या स्टँडावर आम्ही त्याच ठिकाणीं उभे आहों, आणि लोखंड्यांसारखा माणूसहि जवळ नाहीं.

आतां या रोगाचें मूळ पाहूं. टॅक्सीवाल्यास संघ नकोसा वाटतो याचें पहिलें कारण असें कीं तो स्वतःस कामगार समजत नाहीं. तो "मालक" आहे. गाडीच्या कांचेवर आईवडिलांची कृपा लिहिलेली, कागदावर नांव त्याचें, किल्ली त्याच्या खिशांत. संघ हमालांनीं करावा, गिरणीवाल्यांनीं करावा, आम्ही कशाला?

काटोल, सावनेर, उमरेड, रामटेककडील किती तरी घरांतून एखादा एकर गहाण पडला आहे, किंवा बायकोच्या गळ्यांतलें गेलें आहे, आणि त्या पैशाच्या जोरावर पोरानें नागपुरांत गाडी घेतली आहे. बाकीचा पैसा फायनान्सवाल्याचा. हप्ता ठरलेल्या तारखेस गेला नाहीं तर तो गाडी ओढून नेतो. म्हणजे मालकी अशी कीं तीन हप्ते चुकले तर संपली! विमा मालकानें भरावा, टायर मालकानें बदलावे, डिझेल आणि गॅस मालकानें घालावा, पासिंग मालकानें करावें, चलान मालकानें भरावें. आणि भाडें किती घ्यावयाचें हें कोण ठरवितो? तो मोबाइलांतला शेटजी. सवारी कोणास द्यावयाची हेंहि तोच ठरवितो. खर्चापुरता मालक, आणि कमाईच्या वेळीं गडी, अशी ही मालकी आहे.

आमच्या कोष्टी आणि मोमीन वाचकांस हें नवें नाहीं. मोमिनपुऱ्यांत आणि कोष्ट्यांच्या आळ्यांत ज्यांच्या आजोबांनीं माग चालविला त्यांस विचारा. माग घरचा होता, बैठक घरची होती, राबणारीं बायकापोरें घरचीं होतीं. पण सूत दुकानदाराचें, उधारीनें आणलेलें; आणि विणलेलें लुगडें त्याच दुकानदारास, तो म्हणेल त्या भावानें. माग आपला म्हणून कोष्टी मालक आणि भाव दुकानदाराचा म्हणून कोष्टी कर्जबाजारी. १ जानेवारी १८७७ रोजीं टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली आणि त्या मालकांतले कित्येक तिच्या फाटकांत मजूर होऊन शिरले. आज त्या मिलच्या जागीं मॉल उभा आहे आणि त्या मजुरांचे नातू त्या मॉलच्या दारांत सवारीची वाट पाहत गाडी घेऊन उभे आहेत, पुन्हां मालक म्हणून.

आणि शेतकरी वाचकांस आम्ही कुळकर्ण्याच्या दप्तराची आठवण देतों. कुणब्याचें शेत, कुणब्याचा घाम, पण किती धारा, किती बाकी, किती वसूल, हें सर्व त्या दप्तरांत, आणि दप्तर वाचावयास कुणब्यास येत नसे. कुळकर्णी सांगेल तें खरें. आजच्या टॅक्सीवाल्यास वाचतां येतें, तो दहावी-बारावी शिकलेला असतो, कांहीं पदवीधर आहेत. तरी ॲपाचें दप्तर त्यास वाचतां येत नाहीं. गिऱ्हाइकानें किती दिले आणि कंपनीनें किती कापले याचा मेळ लागत नाहीं. आज दहा फेऱ्या मिळाल्या आणि उद्यां चार, याचें कारण कोणी सांगत नाहीं. प्रथम आले तेव्हां इन्सेंटिव्हाचे ढीग दाखविले. लोकांनीं नोकऱ्या सोडून गाड्या घेतल्या. गाड्या पुरेशा झाल्यावर इन्सेंटिव्ह आटलें. एखाद्या दारूबाज गिऱ्हाइकानें तक्रार केली कीं आयडी बंद. का बंद, कोणापुढें दाद मागावी, किती दिवसांनीं चालू होईल, याचें उत्तर देणारा माणूसच नाहीं. यंत्र उत्तर देतें. निदान कुळकर्ण्याच्या दारांत जाऊन शिव्या तरी घालतां येत असत.

एकटा चालक या दप्तरापुढें काय करणार? रागानें ॲप काढून टाकील आणि चार दिवसांनीं हप्ता जवळ आला कीं पुन्हां घालील.

हें "मालक" प्रकरण केवळ नागपूरचें नाहीं. लंडनांत उबर कंपनीनें न्यायासनापुढें हेंच म्हटलें होतें, कीं हे चालक आमचे कामगार नव्हेत. हे हजारों छोटे धंदेवाले आहेत आणि आम्ही फक्त त्यांस गिऱ्हाइक गांठून देतों. २०१६ सालीं तेथील कामगार न्यायासनानें या म्हणण्यास हास्यास्पद ठरविलें. कंपनी वर वर अपील करीत गेली, आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजीं तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें शेवटचा निकाल दिला कीं हे चालक कामगार आहेत. त्यांस किमान वेतन आणि पगारी रजा मिळाली पाहिजे. चालकांच्या पाठीशीं जी.एम.बी. नांवाची कामगार संघटना उभी होती. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत कंपनीनें त्या संघटनेस मान्यता दिली. हा खटला पांच वर्षें चालला. पांच वर्षें वकील उभा करणें एकट्या ड्रायव्हराच्या खिशानें होत नाहीं. तें सभासदांच्या वर्गणीनें होतें. आमच्याकडे मंडळी विचारतात, कोर्टांत कां जात नाहीं? अहो, कोर्टाच्या पायरीलाहि पैसे लागतात.

आणि कायदा काय विचारतो तेंहि ऐका. कायदा तुमचा मोर्चा मोजीत नाहीं, वही मोजतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानें कारखान्यांतील संघास मान्यता पाहिजे असेल तर सतत सहा महिने शेंकडा ३० कामगार सभासद असले पाहिजेत असें ठरविलें. दिल्लीनें २०२० सालीं नवी औद्योगिक संबंध संहिता केली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आणली. तिच्यांत वाटाघाटीचा एकट्याचा हक्क हवा असेल तर हजेरीपटावरील शेंकडा ५१ कामगार संघांत पाहिजेत, आणि कोणाजवळच तितके नसतील तर शेंकडा २० ज्यांच्याजवळ आहेत त्यांस मिळून बसवावयाचें. येथें लबाडी कोठें आहे तें चतुर वाचकाच्या लक्षांत आलें असेल. कंपनी म्हणते, आमच्या हजेरीपटावर टॅक्सीवाला एकहि नाहीं, सर्व "भागीदार" आहेत! शेटजीच्या वहींत तुमचें नांव नाहीं, तें तो मुद्दाम लिहीत नाहीं. मग निदान तुमच्या स्वतःच्या वहींत तरी तें असूं द्या. त्याच दिवशीं अमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनें असें म्हटलें आहे कीं अशा कंपन्यांनीं उलाढालीच्या शेंकडा एक ते दोन इतकी रक्कम चालकांच्या आणि डबे-पार्सलें पोंचविणाऱ्यांच्या कल्याणासाठीं द्यावी. ती रक्कम कोणास, कशी, किती मिळेल हें ठरवितांना टेबलाशीं कोण बसणार? पाटीवाला?

नांव नसण्याचा फटका एकदां बसलेला आहे. एप्रिल २०२१ मध्यें करोनाच्या दुसऱ्या लाटेंत राज्य सरकारनें ऑटोवाल्यांस प्रत्येकीं १,५०० रुपये जाहीर केले. कोणास? परवानाधारकास. ज्याच्या नांवें परवाना त्याला. जो पोरगा दुसऱ्याचा ऑटो रोजच्या भाड्यानें घेऊन चौदा तास चालवितो आणि ज्याच्या घरीं चूल थंड पडली होती, त्याचें नांव कोणत्याच यादींत नव्हतें. ॲपाच्या टॅक्सीवाल्याचेंहि नव्हतें. सरकारजवळ परवान्यांची यादी होती, माणसांची नव्हती. माणसांची यादी करावयाची तर ती संघानें करावी, आणि संघ तर पत्र्यावर रंगविलेला.

२०२५ सालचीच गोष्ट घ्या. मे महिन्यांत राज्यानें ॲप-टॅक्सीचें धोरण काढलें. भाड्यापैकीं शेंकडा ८० तरी चालकास मिळालें पाहिजे, गर्दीच्या वेळीं मूळ दराच्या दीडपटीहून अधिक भाडें घेऊं नये, असें त्यांत लिहिलें. जुलैंत मुंबई, पुणें, नागपूर येथील चालकांनीं गाड्या उभ्या केल्या; मुंबईच्या आझाद मैदानावर लोक जाऊन बसले. कां? तर कागदावरचें हातांत पडेना. कागद लिहून घेणें हें अर्धें काम. तो रोज पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारा माणूस लागतो, आणि त्याचा दिवसाचा पगार कोणी तरी द्यावा लागतो. संपाच्या वेळीं कोण थांबला आणि कोणी गुपचूप गाडी काढली याचीहि वही लागते. वर्गणीदारांचा संप आणि फोनवरच्या निरोपाचा संप यांत फार अंतर आहे.

हें होतें काय, असें कोणी विचारील. आमच्याच लोकांनीं, आमच्याच महाराष्ट्रांत करून दाखविलें आहे. मुंबईच्या गोदींतला आणि बाजारांतला माथाडी कोणाचा नोकर होता? कोणाचाच नाहीं. आज या व्यापाऱ्याचें ओझें, उद्यां त्या व्यापाऱ्याचें. आजच्या टॅक्सीवाल्याप्रमाणेंच शंभर धनी आणि एकहि धनी नाहीं. त्या लोकांस सातारा जिल्ह्यांतून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनीं एकत्र बांधलें आणि १९६९ सालीं माथाडी कायदा करून घेतला. त्या कायद्यानें मंडळें झालीं. व्यापाऱ्यानें मजुरी मंडळांत भरावी, वर शेंकडेवारीनें लेव्ही भरावी, आणि मंडळानें माथाड्यास मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, रजेचा पैसा, औषधपाणी द्यावें. कळमन्याच्या बाजारांतला जो हमाल पाटीवर नोंदलेला नसून मंडळावर नोंदलेला आहे त्यास जाऊन विचारा. पुण्यांत सत्यशोधक विचाराच्या बाबा आढावांनीं हमाल पंचायत उभी केली आणि पुढें रिक्षा पंचायत उभी केली. पाठीवर पोतीं वाहणारे, बहुतेक निरक्षर, हे लोक वर्गणी देऊं शकले. आणि खिशांत दोन दोन मोबाइल बाळगणारा नागपूरचा टॅक्सीवाला म्हणतो, आमच्यानें होत नाहीं!

आतां हरकती ऐकूं. पहिली हरकत, आणि ती खोटी नाहीं: "पुढारी पैसे खातात." खातात. ज्यांच्या तोंडीं संघ आणि हातीं थैली असे पोटभरू आम्हींहि पाहिले आहेत, आणि ते केवळ वरच्या जातींतलेच होते असेंहि नाहीं, आमच्यांतलेहि होते. पण ज्या घरांत हिशेब नाहीं तेथें चोरी होणारच. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानें सभासदास संघाच्या वह्या उघडून पाहण्याचा हक्क दिला होता. शंभर वर्षें होत आलीं. किती चालकांनीं वही मागितली? जो वर्गणीच देत नाहीं तो वही कोणत्या तोंडानें मागणार? फुकट मिळालेल्या पुढाऱ्यास हिशेब विचारतां येत नाहीं, हीच तर पाटीची खुबी आहे. पैसे द्या, पावती घ्या, आणि मग छाती पुढें काढून विचारा. चिटणीस आणि खजिनदार हे गाडी चालविणारेच असूं द्या. वकील पाहिजे तर भाड्यानें आणा. त्यास खुर्ची देऊं नका.

दुसरी हरकत: "आमच्यांत एकी नाहीं." नाहीं, आणि कां नाहीं तेंहि स्पष्ट बोलूं. एका स्टँडावर तेली एका बाजूस, कुणबी दुसऱ्या बाजूस, बौद्ध मंडळी तिसऱ्या रांगेंत, मोमीन चवथ्या. चहाची टपरी एक, पण बांकडें वेगळें. काळी-पिवळीवाला ॲपवाल्यास शत्रु मानतो, ॲपवाला ऑटोवाल्यास, ऑटोवाला ई-रिक्षावाल्यास, आणि चौघे मिळून मोटरसायकलवर सवारी नेणाऱ्या पोरास झोडपावयास धांवतात. २०१७ सालीं सरकारनें ऑटोच्या परवान्यांवरील मर्यादा उठविली, गाड्या वाढल्या आणि सवारी तितकीच राहिली; तेव्हांपासून ही आपसांतली ओढाताण अधिकच झाली आहे. तो मोटरसायकलवाला पोरगा कोण आहे? तुमच्याच चुलत्याचा. फेब्रुवारी १९३८ मध्यें मनमाड येथें रेल्वे कामगारांच्या परिषदेंत बाबासाहेब आंबेडकरांनीं कामगारांचे दोन शत्रु सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समतेचा नकार कोणाच्याहि अंगीं असूं शकतो, हेंहि तेथेंच बजावलें. आमच्या स्टँडावरचें वेगळें बांकडें त्यांत बसतें. शेटजीस तुमची जात ठाऊक नाहीं. त्याचें यंत्र कुणब्याचें आणि महाराचें सारखेंच कापतें. कापून घेण्याच्या बाबतींत आमच्यांत पूर्ण समता आहे!

तिसरी हरकत पैशाची, आणि तिचा आम्हांस खरोखर राग येतो. नवी गाडी आली कीं ती टेकडीच्या गणपतीसमोर उभी राहते. हार, नारळ, लिंबूमिरची, दक्षिणा, पेढे. दसऱ्यास पुन्हां हार, पुन्हां दक्षिणा. गाडीचें रक्षण व्हावें म्हणून हें सर्व. आणि गाडी ओढून नेणारा फायनान्सवाला येतो तेव्हां भटजी मध्यें पडत नाहीं. त्या एका दिवसाच्या खर्चांत संघाची वर्षाची वर्गणी बसते. महिन्यास १०० रुपये धरा. हजार चालकांनीं दिले तर महिन्याचा एक लाख, वर्षाचे बारा लाख. त्यांत एक वकील बांधून ठेवतां येतो, आजारी सभासदाचा हप्ता एखाद्या महिन्यापुरता सांवरतां येतो, आणि आयडी बंद झालेल्या पोराच्या घरीं किराणा पोंचवितां येतो.

एक गोष्ट मात्र चालक बांधवांस आम्ही कडक बोलणार आहों. आमचे वाचक खेड्यांतून रोगी घेऊन मेडिकलला, मेयोला येतात. रात्रीं एस्टीनें उतरतात. बाईच्या कडेवर तापानें फणफणलेलें मूल, म्हाताऱ्याच्या हातांत पिशवी. त्यांस मीटर म्हणजे काय हें दाखविलेंहि जात नाहीं. चालक तोंड पाहून भाव सांगतो. दीक्षाभूमीवर लाखों गरीब माणसें येतात त्या दिवशींहि हेंच. तुम्हांस शेटजी लुटतो म्हणून तुम्ही त्या बाईस लुटावें काय? आणि मग तुमच्या मोर्च्यास गांवानें टाळ्या वाजवाव्या काय? ज्या संघांत वही असेल त्यांत नियमहि असेल, कीं सवारीस लुबाडणाऱ्यास संघ स्वतः दंड करील आणि दुसऱ्या खेपेस नांव खोडील. पाटीवाला हें कधीं करणार नाहीं, कारण त्यास मतें पाहिजेत. संघानें हें केलें तर काटोलची आणि उमरेडची माणसें तुमच्या बाजूनें बोलूं लागतील. आज बोलत नाहींत, हें आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

गांवांतील आईबापांस आणि चालकांच्या घरच्या बायांस आमची विनंति आहे. हप्त्याची तारीख तुम्ही पाठ केलेली असते, कारण त्या तारखेस घरांतलें दूध बंद होतें. पोरगा सणासुदीस घरीं आला कीं त्यास फार बोलूं नका, थकलेला असतो. पण खिसा तपासा. त्यांत फायनान्सवाल्याची पावती असेल, पेट्रोलपंपाची असेल, चलानाचीहि असेल. संघाची पावती आहे काय, एवढें विचारा. नसेल तर कां नाहीं तें विचारा. त्यानें पाटीवरच्या पुढाऱ्याचें नांव सांगितलें तर त्या पुढाऱ्यास आमच्या घरचा हप्ता किती आहे तें ठाऊक आहे काय, असें विचारा.

कायद्याप्रमाणें संघाच्या नोंदणीच्या अर्जास सात माणसें लागतात, आणि जेथें चालक पुष्कळ तेथें शंभर सभासद दाखवावे लागतात. नागपुरांत शंभर चालक एका सकाळीं एकट्या रेल्वे स्टेशनाच्या दारांत उभे असतात. ज्या स्टँडावर असे सात निघतील त्यांनीं आपलीं नांवें आमच्या कचेरींत कळवावींत. नियमांचा मसुदा तयार करण्यास आम्ही जाणते लोक देऊं, पहिलें पावतीपुस्तक आमच्या छापखान्यांत मजुरी न घेतां छापून देऊं, आणि दर तीन महिन्यांनीं त्या संघाचा जमाखर्च, आणा-पैशासह, याच पानावर छापूं. जमाखर्चांत खोट निघाली तर तीहि छापूं.